शुद्ध म्हणजे काय? : बाटलीतील पाणी, सेंद्रिय अन्न आणि आपली कसोटी

गतवर्षीच्या पालकसभेत एका मातेने विचारलेला प्रश्न आम्हांला अजून विसरता आलेला नाही. सीवूड्समधील एका उंच इमारतीत त्या धुणीभांडी करतात. त्या म्हणाल्या, "सर, मी ज्यांच्याकडे कामाला जाते त्यांची मुलं नळाचं पाणी तोंडाला लावत नाहीत. जार येतो, भाजीसुद्धा ऑर्गॅनिक येते. मग आपल्या वसतिगृहातल्या लेकरांनी नळाचंच का प्यायचं? ती काय कमी आहेत का?" सभेत क्षणभर शांतता पसरली. त्यानंतर अनेक पालकांनी त्यांच्या सुरात सूर मिळवला. वर्गणी काढून जार लावावेत आणि स्वयंपाकघरात सेंद्रिय धान्य आणावे, असा ठराव मांडला गेला.

वरवर पाहता हा आरोग्याचा प्रश्न होता. त्याच्या तळाशी मात्र समतेचा प्रश्न होता, आणि म्हणूनच तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. अभ्यास करून सांगू, एवढेच म्हणालो. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या अभ्यासाचे सार माजी विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक यांच्यापुढे ठेवत आहोत.

'शुद्ध' या शब्दाचा इतिहास

पाण्याच्या शुद्धतेविषयी बोलताना आपल्या समाजाला रायगड जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, महाडचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी त्याप्रमाणे ठराव केला. तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून आलेल्या हजारो स्त्री-पुरुषांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल मिळण्यास 1937 उजाडावे लागले.

त्यानंतर जे घडले ते आजच्या विषयाशी थेट संबंधित आहे. तळे 'बाटले' असे ठरवून सनातन्यांनी ते 'शुद्ध' करण्याचा विधी केला. शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांनी भरलेल्या 108 घागरी मंत्रोच्चारात तळ्यात रित्या झाल्या. रसायनशास्त्राच्या आणि जंतुशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर त्या दिवशी ते पाणी खऱ्या अर्थाने दूषित झाले. ज्यांना ते शुद्ध वाटले त्यांनी पाण्याकडे पाहिलेच नव्हते. कोण प्याले, एवढेच त्यांनी पाहिले होते.

यावरून 'शुद्ध' या एकाच शब्दाचे दोन अर्थ ध्यानात येतात. एक शुद्धता प्रतिष्ठेची असते. ती मानावी लागते. दुसरी मोजमापाची असते. ती तपासता येते. आजचा बाजार पहिली शुद्धता विकतो आणि दुसरीची किंमत घेतो काय, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. ऐकीव गोष्टीवर वा परंपरेवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. जाहिरातीलाही तीच कसोटी लावली पाहिजे.

मोरबे ते पेला

नवी मुंबईच्या बहुतांश भागाला पाणी मिळते ते खालापूर तालुक्यातील, धावरी नदीवरील मोरबे धरणाचे. हे धरण महापालिकेने राज्य शासनाकडून विकत घेतले; स्वतःच्या मालकीचे धरण असलेल्या राज्यातील मोजक्या महापालिकांमध्ये तिची गणना होते. ऐरोली-दिघा पट्ट्यातील काही वस्त्यांना एमआयडीसीचे पाणी येते. मोरब्याचे पाणी भोकरपाडा येथील दररोज 450 दशलक्ष लिटर क्षमतेच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते.

तेथे होणारी प्रक्रिया कोणत्याही गृहिणीला समजेल अशी आहे. पूर्वी घराघरांत गढूळ पाण्यात तुरटी फिरवीत, त्याच तत्त्वावर पाण्यात किलाटक मिसळले जाते. गाळाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळला जातो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे 'आयएस 10500' हे मानक आहे. त्यानुसार 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू एकही आढळता कामा नये, आणि क्लोरीन वापरलेल्या पाण्यात तो ग्राहकाच्या नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक असावा.

हा शिल्लक क्लोरीन फार महत्त्वाचा आहे. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. वास्तविक तो वास म्हणजे पाण्यासोबत घरापर्यंत आलेला पहारेकरी होय. वाटेत एखाद्या सांध्यातून जंतू शिरला, तर त्याचा मुकाबला करण्याचे सामर्थ्य पाण्यात उरलेले असते. बाटलीबंद पाण्याचे निर्जंतुकीकरण बहुधा ओझोन वा अतिनील किरणांनी होते. दोन्ही पद्धती प्रभावी आहेत. पण त्यांचा पहारा कारखान्यातच संपतो. झाकण उघडून दोन दिवस ठेवलेल्या जारमध्ये जंतूंना अडवणारे काहीच उरत नाही.

मग नळाचे पाणी निर्दोष समजावे काय? मुळीच नाही. केंद्रातून चांगले निघालेले पाणी वापरणाऱ्याच्या ओठापर्यंत चांगलेच पोहोचेल, याची हमी नसते. गटारालगतची गंजलेली जलवाहिनी, पाणी बंद असताना रिकाम्या नळीत आत ओढली जाणारी घाण आणि सर्वांत दुर्लक्षित अशी इमारतीखालची टाकी, हे या प्रवासातील कच्चे दुवे आहेत. टाकीचे झाकण तुटलेले असेल आणि वर्षानुवर्षे गाळ उपसलेला नसेल, तर त्याचा दोष मोरब्याला देता येत नाही. ती जबाबदारी सोसायटीची, आणि शाळेच्या बाबतीत आमची.

बाटलीत काय असते?

पाणी विकत घ्यायचे, ही कल्पना मुंबईत रुजू लागली 1965 साली, बिस्लेरी या इटालियन नावाने. काही वर्षांतच तो व्यवसाय पार्ले समूहाकडे आला. आज कोणत्याही कंपनीच्या पाण्याला आपण सर्रास 'बिसलरी' म्हणतो. बहुतेक बाटल्यांवर मात्र 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' असे शब्द असतात. त्याचा अर्थ डोंगरातील झऱ्याचे पाणी असा नाही. नैसर्गिक 'मिनरल वॉटर'चे मानक वेगळे आहे. साधे बाटलीबंद पाणी कूपनलिकेचे वा नळाचेही असू शकते; प्रक्रिया करून ते मानकात बसवले, की पुरे.

2003 साली दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने दिल्ली आणि मुंबई परिसरातील बाटलीबंद पाण्याची तपासणी केली. अनेक नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश आढळले. भूजलात झिरपलेली कीटकनाशके बाटलीपर्यंत पोहोचली होती. त्यानंतर शासनाने मानक कडक केले: कोणत्याही एका कीटकनाशकाचे प्रमाण लिटरमागे 0.0001 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. ही सुधारणा झाली ती कुणीतरी तपासले म्हणून. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाण्याचा समावेश 'उच्च जोखमीच्या' खाद्यवर्गात केला. याचा अर्थ हे पाणी विषारी आहे, असा नव्हे. त्यावर अधिक देखरेख हवी, एवढाच आहे.

त्याच वर्षी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी एक लिटर बाटलीबंद पाण्यात सरासरी सुमारे 2 लाख 40 हजार सूक्ष्म प्लास्टिककण मोजले. त्यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे विज्ञानाने अद्याप निश्चित केलेले नाही. म्हणून आम्ही कुणाला भय घालू इच्छित नाही. परंतु पारदर्शक म्हणजे निर्मळ, हा समज यातून निश्चितच ढळतो.

पालकांनी सुचवलेला जार हा तर आणखी वेगळा प्रकार आहे. सीलबंद, परवानाधारक जार आणि सकाळी टेम्पोतून येणारा सुट्या झाकणाचा थंड पाण्याचा जार यांत फरक करावयास हवा. दुसऱ्यावर ना उत्पादनाची तारीख असते, ना मानकाचे चिन्ह. तो आतून कधी घासला होता, हे विचारण्याची सोय नसते.

याचा कटू धडा पुण्याने 2025 च्या आरंभी घेतला. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयितांची संख्या दोनशेवर गेली आणि काहींना प्राण गमवावे लागले. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूकडे संशय वळला. तेथील विहिरीच्या सार्वजनिक पुरवठ्यात उणिवा होत्याच. पण महापालिकेने खासगी आर.ओ. केंद्रांचे पाणी तपासले, तेव्हा अनेक नमुने पिण्यास अयोग्य निघाले आणि कित्येक केंद्रे बंद करावी लागली. नळावर विश्वास नाही म्हणून लोक जेथे पैसे मोजत होते, तेथेही पहारा नव्हता.

तपकिरी पाण्याचा खेळ

दारोदार फिरणारा विक्रेता एक प्रयोग करून दाखवतो. नळाच्या पाण्यात विजेच्या दोन कांड्या बुडवतो आणि काही क्षणांत पाणी तपकिरी, शेवाळी होते. आपल्या यंत्रातील पाण्यात त्याच कांड्या बुडवतो. ते स्वच्छ राहते. आई घाबरते आणि हप्ते सुरू होतात.

आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी हा प्रयोग एक पाऊल पुढे नेला. यंत्रातल्या त्या 'स्वच्छ' पाण्यात चिमूटभर मीठ टाकून त्यांनी कांड्या पुन्हा बुडवल्या. तेही पाणी तपकिरी झाले. कारण सोपे आहे. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, कांडीचे लोखंड विरघळते आणि गंज पाण्यात उतरतो. ती घाण पाण्यातली नसून कांडीतली असते. क्षार जवळजवळ काढून टाकलेल्या पाण्यातून वीज वाहत नाही, म्हणून ते तसेच राहते.

'टीडीएस पेन'ची कथाही निराळी नाही. ते पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. जंतू, कीटकनाशक वा शिसे ते ओळखत नाही. टीडीएस कमी आणि जंतू भरपूर, असे पाणी असू शकते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार मानकाला मान्य आहेत. त्याहून कमी क्षार असलेल्या ठिकाणी आर.ओ. यंत्रांवर बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये दिले होते. कारण या यंत्रांत पुष्कळ पाणी वाया जाते. सह्याद्रीच्या पावसाचे धरणात साठलेले पाणी मुळात मृदू असते. मराठवाड्यातील खाऱ्या कूपनलिकेची वा विदर्भातील फ्लोराइडयुक्त पाण्याची गोष्ट वेगळी. तेथे अशा यंत्राची खरी गरज भासू शकते, आणि ती गरज तपासणी-अहवालावरून ठरते.

सेंद्रिय अन्नाची पारख

आता स्वयंपाकघराकडे वळू. 'सेंद्रिय' या शब्दाला भारतात कायदेशीर अर्थ आहे. 2001 पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम चालू आहे. हंगामी पिकाची जमीन सेंद्रिय ठरण्यासाठी साधारण दोन वर्षांचा रूपांतरकाळ आणि त्रयस्थ संस्थेची तपासणी लागते. शेतकरी गटांनी परस्परांची हमी घेण्याची 'पीजीएस-इंडिया' ही पद्धतही आहे. पाकिटावर 'जैविक भारत' हे चिन्ह असावे, असा नियम आहे. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला त्यातून सवलत आहे. म्हणजे चिन्ह नाही म्हणून शेतकरी खोटा ठरत नाही; आणि पाटीवर 'ऑर्गॅनिक' लिहिले म्हणून माल सेंद्रिय ठरत नाही.

'नैसर्गिक', 'गावठी', 'केमिकल-फ्री' या शब्दांना असा कोणताही आधार लागत नाही. रेल्वेरुळांलगत सांडपाण्यावर वाढलेला पालकही 'गावठी' म्हणून विकला जातो. शिवाय सेंद्रिय शेतीत फवारणी होतच नाही, हाही गैरसमज आहे. निंबोळी अर्क, गंधक, मोरचुदाचे बोर्डो मिश्रण यांना तेथे मर्यादित मान्यता असते. आणि निसर्गाचे ते निर्धोक, असेही नाही. पूर्व विदर्भात पिकणारी लाखोळी डाळ हेच मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ली, तर तिच्यातील नैसर्गिक विषाने पाय लुळे पडू शकतात. ओलसर शेंगदाण्यावरील बुरशीचे विष यकृताला घातक असते. ते कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असते काय? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. पौष्टिकतेत ठळक, सातत्यपूर्ण फरक त्यांना आढळला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी वेळा सापडले. हा फरक खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. आपल्याकडे फवारणीची शिस्त ढिली असल्याने तो अधिक लक्षात घ्यावा लागेल. पण त्यावरून साधी ज्वारी, मूग, मेथी खाणारे मूल विष खात आहे, असा निष्कर्ष निघत नाही. महाग सेंद्रिय भाजी परवडत नाही म्हणून घरात भाजीच कमी येऊ लागली, तर तो तोटा निश्चित आहे.

कीटकनाशकाचा पहिला आणि सर्वांत कठोर घाव खाणाऱ्यावर बसत नाही. तो फवारणाऱ्यावर बसतो. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पुरुषभर उंच वाढलेल्या पिकात, अंगावर धड मोजे-मुखवटा नसताना, उकाड्यात ते फवारीत होते. त्यांच्यापैकी अनेकांची घरे आपल्या घरांसारखीच होती. म्हणून विषारी फवारणी कमी व्हावी, ही मागणी आपण जोराने केली पाहिजे. ती आपल्या ताटाच्या सोवळ्यासाठी नव्हे, तर त्या मजुराच्या जिवासाठी. ती घाईनेही साधत नाही. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली आणि काही महिन्यांतच, शेतीची हानी पाहून, ती मागे घ्यावी लागली.

आम्ही काय ठरवले

या सर्व विचाराअंती आम्ही जार लावले नाहीत. त्याऐवजी पुढील गोष्टी सुरू केल्या. वसतिगृहाची खालची आणि वरची टाकी दर सहा महिन्यांनी उपसून, घासून, निर्जंतुक केली जाते आणि त्याची तारीख टाकीवर रंगवली जाते. रोज सकाळी नळाच्या पाण्याची 'ओटी' चाचणी होते. द्रावणाचे थेंब शिक्षक टाकतात, पिवळ्या रंगाची छटा क्लोरोस्कोपवर विद्यार्थी जुळवतात आणि आकडा भोजनगृहाच्या फळ्यावर लिहितात. पाण्याचा नमुना पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात प्रयोगशाळेत जातो. चाचणीत क्लोरीन कमी दिसला किंवा पाणी गढूळ आले, तर त्या दिवशी पाणी उकळले जाते; उकळी फुटल्यानंतर किमान एक मिनिट. सीलबंद बाटल्या सहलीसाठी आणि आणीबाणीसाठी ठेवल्या आहेत. जुलै 2021 मध्ये सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले, तसा प्रसंग आला, तर तीच बाटली जीव वाचवते, हे आम्ही जाणतो.

स्वयंपाकघरात सेंद्रियचा आग्रह आम्ही धरलेला नाही. ओळखीच्या शेतकरी गटाकडून रास्त दरात मिळाले, तर आनंदाने घेतो. एरवी तोच पैसा डाळी, अंडी, फळे आणि हंगामी भाज्यांवर खर्च होतो. भाज्या वाहत्या पाण्यात चोळून धुतल्या जातात. त्याने सर्व अंश जात नाहीत. काही कीटकनाशके पानाच्या आत मुरतात. म्हणून एकाच भाजीचा मारा न करता आलटून पालटून भाज्या आणतो.

खर्चाचा हिशेबही सांगणे योग्य होईल. वीस रुपयांच्या एका बाटलीच्या किमतीत महापालिकेचे घरगुती दराने हजार लिटरहून अधिक पाणी येते. पण प्रश्न केवळ पैशाचा नाही. ज्यांना परवडते ते जारकडे वळले, की नळाच्या पाण्याविषयी तक्रार करणारा, प्रभाग कार्यालयात अर्ज घेऊन जाणारा आवाज कमी होतो. मागे उरतात ते ज्यांना नळाखेरीज दुसरे काही नाही. चवदार तळे सर्वांचे आहे, हे सिद्ध करण्यासाठी आपल्या आजा-पणजांनी काठ्या खाल्ल्या. ते सर्वांचे पाणी आपण आपल्या हाताने 'गरिबांचे पाणी' करून टाकावे काय, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ताई, आपली लेकरे मुळीच कमी नाहीत. त्यांच्या पेल्यातले पाणी रोज तपासले जाते, आणि ते तपासतात ती लेकरेच. परवा त्या मुलीला भेटायला आल्या, तेव्हा भोजनगृहाच्या फळ्यापुढे उभ्या राहिल्या. मुलीने त्यांना आकडा वाचून दाखवला आणि त्याचा अर्थ समजावून सांगितला. नंतर त्यांनी नळाखाली पेला धरला. जाताना त्या आम्हांला विचारून गेल्या, "ही चाचणी आमच्या चाळीच्या टाकीची करता येईल का?"

येत्या सुट्टीत वरच्या वर्गातील विद्यार्थी त्या चाळीत जाणार आहेत. आपल्या वस्तीत त्यांना बोलावू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी शाळेच्या कार्यालयात नाव नोंदवावे.